सकाळच्या रिकाम्या खुर्च्या : फिलिपाईन व्हॉलीबॉल महासंघाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
फिलिपाईन राष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघ, मनिला

सप्रेम नमस्कार.

मी मूळची कराडजवळच्या एका खेड्यातली. लग्न होऊन इकडे आले त्याला एकोणीस वर्षं झाली. नवरा बातांगास प्रांतातला, घर मनिला महानगरातल्या पासिगला, मुलगा एकच, वय पंधरा. हे पत्र इंग्रजीत तुमच्या कार्यालयाला पाठवलं आहे. मराठीत आधी लिहिलं, कारण मनातलं मला याच भाषेत नीट सांगता येतं. शिवाय या देशात नोकरीसाठी, डॉक्टरकी शिकण्यासाठी आलेली खूप मराठी माणसं आहेत. त्यांनीही हे वाचावं आणि पटलं तर आमच्या बाजूनं बोलावं, अशी इच्छा आहे.

पत्राचं निमित्त असं. गेल्या महिन्यात मुलाच्या शाळेनं पालकांना बोलावलं आणि सांगितलं, की येत्या जूनपासून मुलांचा व्हॉलीबॉल संघ बंद होणार. मुलींचा चालू राहील. मुलांना बास्केटबॉल आहेच. मी कारण विचारलं तेव्हा क्रीडाशिक्षक जरा ओशाळून म्हणाले, "मॅम, या खेळात मुलांना पुढे काय आहे?" माझ्या शेजारी बसलेला मुलगा पटकन बोलला, "एस्पेहो आहे ना! बागुनास आहे!" खोलीतले सगळे गप्प झाले. शिक्षकांनी विचारलं ते खोटं नव्हतं आणि मुलगा बोलला तेही खरंच होतं. दोन्ही खरं असताना त्या खोलीत कुणालाच पुढे बोलता आलं नाही. तेव्हापासून मी एस्पेहो आणि बागुनास या दोन फिलिपिनो व्हॉलीबॉलपटूंची कारकीर्द नव्यानं बघते आहे, आणि जे दिसलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी माझं थोडं सांगते. शाळेत असताना मी तालुक्याच्या संघात लिफ्टर होते, म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला चेंडू उचलून देणारी. देवळामागच्या पटांगणात दोन बांबू रोवून नेट बांधायचं, आणि अंधारात चेंडू दिसेनासा होईपर्यंत खेळायचं. इथे आले तेव्हा भाषा येत नव्हती, माणसं ओळखीची नव्हती. बरांगायच्या, म्हणजे इथल्या वॉर्डाच्या, छपराखालच्या कोर्टवर संध्याकाळी काही मुलं बास्केटबॉलच्या दोन खांबांना दोरी बांधून व्हॉलीबॉल खेळताना दिसली. मी चपला काढून आत गेले आणि चेंडू उचलून दिला. या देशात मला पहिली जी माणसं मिळाली, ती त्या दोरीमुळे. पुढे माझा मुलगा त्याच कोर्टवर चालायला शिकला.

त्याच कोर्टवर एका म्हाताऱ्या पंचांनी मला सांगितलं, की तुम्ही भारतातले लोक ज्याला स्मॅश म्हणता तो आमचा आहे. मला ती फुशारकी वाटली होती. नंतर वाचलं. वायएमसीएच्या एल्वूड ब्राऊन यांनी १९१० च्या सुमारास हा खेळ मनिलात आणला, आणि चेंडू उंच उचलून दुसऱ्यानं वरून जोरात मारायची पद्धत १९१६ च्या आसपास इथल्या खेळाडूंनी रूढ केली, असं व्हॉलीबॉलचा इतिहास सांगतो. तिला इथे 'बोम्बा' म्हणत. म्हणजे कराडच्या पटांगणात मी ज्याच्यासाठी चेंडू उचलून देत होते, तो फटका याच मातीतला. त्या मातीत आज पंधरा वर्षांच्या मुलाला 'हा मुलींचा खेळ आहे' असं ऐकावं लागतं. कधी याहून वाईट शब्द ऐकावे लागतात, ते मी इथे लिहीत नाही.

आता मार्क एस्पेहो. मारिकिना आमच्या पासिगच्या शेजारचं, त्यामुळे तो आम्हाला घरचाच वाटतो. अतेनेओ विद्यापीठाकडून खेळताना २०१४ ते २०१८ अशी सलग पाच वर्षं तो विद्यापीठ लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. खेळायला मिळतात ती पाचच वर्षं, आणि पाचही त्यानं घेतली. मधल्या तीन वर्षांत, २०१५, २०१६ आणि २०१७ ला, अतेनेओनं विजेतेपद मिळवलं. २०१८ मध्ये पाच सेट चाललेल्या एका सामन्यात त्यानं एकट्यानं ५५ गुण केले : ४७ स्मॅशवर, ६ ब्लॉकवर, २ सर्व्हिसवर. ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना या आकड्याचं वजन कळेल. एवढ्या वेळा उडी मारायची, प्रत्येक वेळी समोर दोन किंवा तीन हात, आणि चेंडू पुन्हा आपल्याकडेच येणार हे समोरच्या संघालाही पक्कं ठाऊक.

असा खेळाडू विद्यापीठातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या देशात त्याच्यासाठी काय असायला हवं होतं? तो जपानला गेला, ओइता मियोशी या क्लबकडे. मग थायलंड. मग बहारीन. मग पुन्हा जपान, एफसी टोकियो. त्या क्लबनं २०२२ मध्ये आपला व्हॉलीबॉल संघच सोडून दिला. मग दक्षिण कोरियाच्या लीगनं आशियाई खेळाडूंसाठी जागा उघडल्या, तेव्हा २०२३ मध्ये इंचॉनच्या कोरियन एअरनं त्याला निवडलं, आणि त्या हंगामाचं विजेतेपद त्याच संघाला मिळालं. सहा वर्षांत चार देश. दर वेळी नवी भाषा, नवा लिफ्टर, त्याच्या हातातून चेंडू कसा सुटतो ते पहिल्यापासून शिकायचं. मी स्वतः लिफ्टर होते म्हणून सांगते, स्मॅशर आणि लिफ्टर यांचं जुळायला महिने लागतात. जुळलं की याचा करार संपायचा.

ब्रायन बागुनास बातांगासमधल्या बालायानचा, माझ्या सासरच्या बाजूचा. तो आमच्या कराडसारखाच उसाचा मुलूख. नॅशनल युनिव्हर्सिटीकडून २०१९ मध्ये सर्वोत्तम खेळाडू झाला, आणि त्याच वर्षी त्याच ओइता मियोशीकडे गेला. मग तैवानच्या विन स्ट्रीककडे. २०२४ मध्ये त्याच्या गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध फाटला. वर्षभरात तो कोर्टवर परतला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत देशाचा कर्णधार म्हणून उभा राहिला.

त्या स्पर्धेबद्दल तुमचे आभार मानायलाच हवेत. ३२ देशांची स्पर्धा या शहरात आणणं सोपं नव्हतं, आणि मी ते मनापासून लिहिते आहे. १९७४ नंतर पहिल्यांदाच आमची मुलं त्या पातळीवर खेळली. ट्युनिशियाकडून सरळ तीन सेटमध्ये हरलो. १६ सप्टेंबरला इजिप्तला ३-१ नं हरवलं, २९-२७, २३-२५, २५-२१, २५-२१. बागुनासचे २५ गुण होते. त्या रात्री आमच्या गल्लीत लोक भांडी वाजवत बाहेर आले. दोन दिवसांनी इराणशी सामना. दोन-एक अशी आघाडी, पाचवा सेट, आणि २०-२२. मुलगा घरी येईपर्यंत बोलला नाही. दोन गुणांच्या अंतरानं आपण बाद फेरीबाहेर राहिलो.

मला सांगा, ती दोन गुणांची दरी कुठे भरून निघते? माझ्या मते ती वर्षभर घरच्या लीगमध्ये, दर आठवड्याला असे अटीतटीचे सेट खेळून भरून निघते. आमच्या मुलांना ते मिळत नाही. माझ्या तक्रारी इथून सुरू होतात.

पहिली तक्रार सर्वांत जुनी जखम आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे विद्यापीठ लीगचा व्हॉलीबॉल थांबला. ते योग्यच होतं. पुढचं वर्षही गेलं. पण मे २०२२ मध्ये मुलींची स्पर्धा सुरू झाली आणि मुलांची झाली नाही. मुलं थेट २०२३ मध्ये कोर्टवर आली. ज्या खेळात विद्यापीठाकडून खेळायला पाच वर्षं मिळतात, तिथे तीन हंगाम गेले. माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा त्याच काळात इथल्या एका विद्यापीठात शिष्यवृत्तीवर होता. अठराव्या वर्षी आला, खोलीत एकटा भिंतीवर चेंडू मारत एकवीस वर्षांचा झाला. मुली टीव्हीवर खेळत होत्या आणि तो बघत होता. त्याला त्यांचा हेवा नव्हता, 'आपलं कधी' एवढंच तो विचारायचा. विद्यापीठ लीग तुमच्या हाताखाली येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण या देशातल्या व्हॉलीबॉलचा पालक म्हणून तुमचा शब्द त्या वेळी जाहीरपणे ऐकू यायला हवा होता.

दुसरी तक्रार त्याच मुलाची. २०२३ मध्ये खेळ सुरू झाला, आणि सरावात त्याचा गुडघा गेला. बागुनासला झालं तेच. शिष्यवृत्ती पुढच्या सत्रात संपली. शस्त्रक्रियेसाठी सासूबाईंनी उसाच्या शेताचा एक तुकडा गहाण टाकला. पायाला पट्टा बांधून तो सहा महिने आमच्याकडे राहिला, व्यायाम करून घ्यायला मी होते आणि मोबाईलवरचे व्हिडिओ होते. आता तो मोटरसायकलवरून पार्सलं पोचवतो. मी कुणा विद्यापीठाकडे बोट दाखवत नाही. पण एकच दुखापत एका खेळाडूला राष्ट्रीय कर्णधारपदापर्यंत परत येऊ देते आणि दुसऱ्याला रस्त्यावर आणते, तेव्हा त्या दोघांच्या मध्ये कुठलीतरी व्यवस्था असायला हवी होती. ती नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. विद्यापीठ लीगच्या दिवशी मुलांचे सामने सकाळी, मुलींचे दुपारी. मी मुलाला घेऊन सकाळी जाते. लोक कामावर, मुलं वर्गात, खुर्च्या रिकाम्या. खेळाडूंच्या बुटांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत येतो. दुपारी त्याच कोर्टभोवती ढोल आणि झेंडे. मी बाई आहे, मी हा खेळ खेळले आहे. मुलींसाठी वीस-वीस हजार लोक एका छताखाली जमतात हे पाहून माझा ऊर भरून येतो. त्यांच्या वाट्यातला एक घासही मला नको. मुलांचा सामना लोक बघायला येऊ शकतील अशा वेळी ठेवा, एवढंच मागणं आहे.

'पुरुषांचे सामने बघायला लोक येत नाहीत' असं कुणी म्हणालं तर मला ते मान्य नाही. २०२२ मध्ये केसोन सिटीत, २०२३ आणि २०२४ मध्ये पासायला, तुम्हीच पुरुषांच्या नेशन्स लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे सामने भरवले. जपानचे इशिकावा आणि ताकाहाशी कोर्टवर आले की बसायला जागा नसायची. आमच्या गल्लीतल्या मुलींच्या खोलीत त्यांची चित्रं लागली. तोही पुरुषांचा व्हॉलीबॉलच होता आणि बघणारे याच शहरातले होते. डिसेंबर २०१९ मध्ये, आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, आग्नेय आशियाई स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आमच्या मुलांनी थायलंडला पाचव्या सेटमध्ये १७-१५ असं हरवलं, आणि ४२ वर्षांनी अंतिम फेरी गाठली. त्या संध्याकाळी पासिगच्या त्या सभागृहात मी माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन उभी होते. तो नऊ वर्षांचा होता, जड होता, तरी खाली उतरवता येईना कारण पाय टेकवायला जागा नव्हती. व्हॉलीबॉल खेळायचं त्यानं त्या संध्याकाळी ठरवलं.

चौथी तक्रार पोटाची. विद्यापीठ संपल्यावर मुलांसाठी २०१५ पासून स्पायकर्स टर्फ ही लीग आहे, ती चालवणाऱ्यांचे उपकार आहेत. तुमची चॅम्पियन्स लीग आहे, पण ती काही दिवसांत आटोपते. कंपन्यांचे संघ, सैन्यदलांचे संघ, कधी विद्यापीठांचे संघ असे एकत्र खेळतात. त्यातले कित्येक चांगले खेळाडू सैन्यदलाची नोकरी धरतात, कारण तिथे महिन्याचा पगार आहे आणि म्हातारपणी पेन्शन आहे. गणवेशाबद्दल मला आदर आहे. पण व्हॉलीबॉल खेळता यावा म्हणून शिपाई व्हावं लागतं, आणि नुसता व्हॉलीबॉलपटू होऊन घर चालत नाही, ही परिस्थिती देशाच्या महासंघाला बोचायला हवी.

आमच्या भारतात जिमी जॉर्ज नावाचा खेळाडू होता, केरळचा. इटलीत जाऊन खेळला, आणि तिथेच १९८७ मध्ये अपघातात गेला. आम्ही त्याच्या नावानं स्टेडियम बांधलं, पण त्याच्यासारख्यांना घरी खेळता येईल अशी लीग उभी राहायला कित्येक दशकं गेली. हे माहेरचं दुखणं आहे, म्हणून सासरी तेच चाललेलं पाहून जास्त लागतं.

पाचवी तक्रार तुमच्याच घराची आहे. २०१४ च्या अखेरीस 'बागविस' नावाचा पुरुषांचा राष्ट्रीय संघ निवडला गेला, आणि महासंघ कुणाचा या भांडणात काही महिन्यांत तो मोडला. मग दुसरी संघटना आली, मग २०२१ मध्ये तुमची. पाट्या बदलल्या तेव्हा खेळाडूंची वर्षं मोजली गेली नाहीत. तुम्ही त्या भांडणाचे कर्ते नाही, वारस आहात. वारसाला देणीही फेडावी लागतात.

तर माझ्या मागण्या अशा.

पुरुषांसाठी घरच्या घरी किमान पाच महिन्यांची लीग हवी. संघ सहाच असले तरी चालतील, पण वर्षाचं वेळापत्रक आधी जाहीर हवं, आणि खेळाडूच्या करारात किमान पगार लिहिलेला हवा. लीग स्वतः चालवा किंवा जे चालवतात त्यांच्या पाठीशी उभे राहा.

राष्ट्रीय आणि विद्यापीठ पातळीवरच्या प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूचा दुखापतीचा विमा हवा, ज्यात शस्त्रक्रियेनंतरचे व्यायामोपचारही येतील. दुखापत झाली म्हणून चालू शैक्षणिक वर्षात शिष्यवृत्ती काढू नये, अशी अट तुमची मान्यता घेणाऱ्या प्रत्येक स्पर्धेला घाला.

टीव्हीवर दिसणाऱ्या प्रत्येक स्पर्धेत आठवड्यातून किमान एक पुरुषांचा सामना दुपारी किंवा संध्याकाळी ठेवावा. स्पर्धा थांबवायची वेळ पुन्हा आली, तर मुलं आणि मुली दोघांनी एकाच वेळी परत यावं, आणि ते जमणार नसेल तर का नाही हे महासंघानं लेखी सांगावं.

परदेशी जाणाऱ्या खेळाडूला आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र तुमच्या संमतीशिवाय मिळत नाही. म्हणजे कोण कुठे जातो हे तुम्हाला पहिल्यांदा कळतं. त्याच टेबलावर करार वाचून समजावणारा एक माणूस बसवा. एकवीस वर्षांचा मुलगा जपानी भाषेतल्या कागदावर सही करताना त्याच्या बाजूला कुणीतरी आपलं असावं.

आणि शेवटचं, माझ्या मुलाच्या वयाच्या मुलांसाठी. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा जमाखर्च लोकांसमोर ठेवा, आणि त्यातलं मुलांच्या शालेय व्हॉलीबॉलसाठी काय राहिलं ते सांगा. ज्या शाळा मुलांचा संघ चालू ठेवतील त्यांना नेट, चेंडू आणि महिन्यातून दोनदा येणारा एक प्रशिक्षक द्या. आमच्या शाळेतल्या शिक्षकांना मी भेटले. ते म्हणाले, महासंघाकडून एवढं पत्र जरी आलं तरी मुख्याध्यापकांशी पुन्हा बोलता येईल. संघात अकरा मुलं आहेत. शाळा जूनमध्ये सुरू होते, खेळांची यादी एप्रिलच्या शेवटी ठरते.

तुमच्या उत्तराची वाट पाहते आहे. तोवर रोज संध्याकाळी सहा ते आठ ही अकरा मुलं आमच्या बरांगायच्या कोर्टवर असतात. चेंडू उचलून द्यायला मी असते. तुमच्यापैकी कुणी आलात, तर त्यांच्याशीच बोला.

आपली,
पासिगच्या एका व्हॉलीबॉलपटूची आई